डाव्या पायाचा बूट

९ एप्रिल, बुधवार

दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात मसाल्याच्या दुकानात चिंचेचा गोळा हातात घेतला आणि एकदम नाशिकच्या शाळेतला सातवीचा वर्ग समोर आला. गुरुवारची दुपार. शाळा सुटलेली, फाटकाबाहेर टांग्यांचा गलबला, आणि मागच्या बाकावर मी व नजमा, दोघीच, 'आय मस्ट नॉट स्पीक इन द व्हर्नाक्युलर' शंभर वेळा लिहीत बसलेल्या. बाकाखाली माझ्या मांडीवर चिंचा आणि पुडीत मीठ. तिने दहा ओळी लिहायच्या, मी चिंच सोलून तिच्या हातात द्यायची, मग मी दहा लिहायच्या. सिस्टर बर्नार्ड जपमाळ ओढत दारात. खालच्या हॉलमधून पियानो ऐकू यायचा. नजमाचा गळा शाळेत सगळ्यांत गोड. संगीताचे सर तिला एकटीला तासभर शिकवायचे म्हणून आम्हाला केवढा हेवा! आणि ही वेडी नेमकी गुरुवारीच सिस्टरांच्या कानाशी जाऊन मोठ्याने मराठी बोलायची आणि शिक्षा ओढवून घ्यायची. ती एकटी बसणार म्हणून मीही बोलायची. पन्नास वर्षं झाली. इतकं सुख मला नंतर फार थोड्या ठिकाणी मिळालं असेल.

पाव किलो चिंच घेतली. सुरेशांचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपतंय, घरातलं संपवायचं सोडून मी नवीन भरतेय.

१० एप्रिल, गुरुवार

नुपूरचा टेक्ससहून फोन. त्यांनी दोन घरं पाहून ठेवलीत.

"आई, तुला वेळ आहे. लिंक पाठवते, दोन्ही पत्ते घालून बघ."

"काय बघू?"

"आसपास कोण राहतं ते. म्हणजे तसली माणसं. कैवल्य सहा वर्षांचा आहे गं."

मला माहीतच नव्हतं असं काही असतं. तिथे लहान मुलांशी किंवा बायकांशी असा गुन्हा केल्याचं कोर्टात शाबीत झालं, की शिक्षा भोगून सुटल्यावरही माणसाने स्वतः गावच्या पोलिसांकडे जाऊन नाव नोंदवायचं. फोटो, पत्ता. घर बदललं की कळवायचं. काहींनी वर्षातून एकदा हजेरी लावायची, काहींनी दर तीन महिन्यांनी, कित्येकांनी जन्मभर. आणि ही वही पोलिसांच्या कपाटात नाही, सगळ्यांना उघडी. आधी सूचना येते की ही माहिती कुणाला छळायला वापरू नका. ते मान्य केलं की नाव तरी घालायचं किंवा पत्ता, आणि किती मैलांच्या आत ते सांगायचं. नकाशावर ठिपके उगवतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की चेहरा.

पहिल्या घराच्या मैलभरात चार, दुसऱ्याच्या एक. मला वाटलं होतं चेहरा बघूनच कळेल. नाही कळत. एकजण तर आमच्या लहानपणच्या पोस्टमनसारखा दिसतो. खाली लिहिलेलं, मुलगी, वय नऊ. चहा तसाच गार झाला.

सुरेशांना म्हटलं, "आपलं दोहा बरं बाई. इथे सगळे ओळखीचे."

(वहीत मी त्यांना नावाने लिहिते. तोंडावर 'अहो'च.)

११ एप्रिल, शुक्रवार

आज घरचा मराठीचा वर्ग छान झाला. चौदाही मुलं. 'माझी आजी' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या तर धवलने लिहिलं, 'माझी आजी झूमवर राहते.'

शेवटचा अर्धा तास वसंतराव पेटी घेऊन बसले. मुलांना त्यांच्या खिशातल्या गोळ्यांचं आकर्षण जास्त. सुरेशांचे ते तीस वर्षांचे मित्र. बायपासच्या वेळी रक्त त्यांनीच दिलं. त्यांची बायको पुष्पा गेल्यापासून तीन वर्षं मी त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डबा देते. तेही मे महिन्यात कायमचे पुण्याला चाललेत. वर्गाची एक-एक वीट निघत चाललीय.

सहा वाजता मात्र गोंधळ. ज्ञानदाचा डाव्या पायाचा बूट सापडेना. वर्गाला यायला आईबाप सोडतात, पण घरी न्यायला सगळ्यांना जमत नाही, म्हणून माझी ड्रॉप-लिस्ट असते. कोण कुणाच्या गाडीत, कोण आधी, कोण शेवटी. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. एकदा लागली की टर्मभर बदलायची नाही, हा माझा नियम. सिस्टर बर्नार्डची विद्यार्थिनी आहे मी! शहराबाहेर वक्र्याला राहणारी ज्ञानदा एकटीच, म्हणून ती वसंतरावांच्या गाडीत सर्वांत शेवटी. ते खरं तर इथेच दोन गल्ल्या सोडून राहतात. पण म्हणतात, "वहिनी, मला घरी जाऊन भिंतीच बघायच्यात. वक्र्याला सोडून येतो, तेवढाच फेरफटका."

बूट वॉशिंग मशीनमागे निघाला, अर्ध्या तासाने. तोवर धवलला ट्यूशन होती म्हणून वसंतरावांची गाडी त्याला घेऊन गेली. सुरेशांनी तिला सोडलं. परत आल्यावर म्हणाले, "पोरगी सगळा रस्ता गात होती. कान किटले."

१३ एप्रिल, रविवार

ती साइट परत उघडली. चाळाच लागला. गंमत म्हणून स्वतःचं नाव घातलं. नोंद नाही. सुरेशांचं घातलं, मग मराठी मंडळाच्या सेक्रेटरी भैरवीचं, वसंतरावांचं, मंडळातल्या सगळ्यांची घातली. कुणाचीच नोंद नाही. टेक्ससच्या यादीत आमची नावं कशाला निघतील म्हणा! पण प्रत्येक वेळी ती ओळ आली की बरं वाटत होतं, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आल्यासारखं.

१८ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा ज्ञानदाचा बूट. पुन्हा डावाच. या वेळी तांदळाच्या डब्यात! तांदूळ चाळून घ्यावा लागला. नऊ वर्षांच्या घोडीला हे शोभतं का? मी चांगलीच रागावले. वसंतराव चाळीस मिनिटं थांबले होते, कपाळाला आठी नाही. "असू दे वहिनी, माझी कोण वाट बघतंय घरी."

"काकांना सॉरी म्हण," मी म्हटलं.

म्हणाली, पण जमिनीकडे बघून. गाडीत मागे बसायला लागली तर वसंतराव म्हणाले, "राणीसरकार, पुढे या, गप्पा मारू." ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांपुढे घरातला तांदळाचा पसारा होता. म्हटलं, "पुढे बस, बेल्ट लाव, आणि शहाण्यासारखी वाग."

यांच्या पिढीला मोठ्यांशी कसं वागावं कळत नाही. तिच्या आईशी, अनुष्काशी, एकदा बोललं पाहिजे. ती मुशैरिबच्या ऑफिसात सकाळी आठपासून, बाप, कुणाल, पंधरा-पंधरा दिवस साइटवर. पोरीला वळण लावणार कोण?

२५ एप्रिल, शुक्रवार

ज्ञानदा आली नाही. पोट दुखतंय म्हणे. बूट जागेवर राहिले सगळ्यांचे.

२९ एप्रिल, मंगळवार

वसंतरावांना डबा दिला. भरली वांगी. त्यांनी पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं चित्र दाखवलं, मलाही पाठवलं. बावधनला क्लबहाउसमध्ये लहान मुलांसाठी पेटीचे वर्ग, जूनपासून, विनामूल्य. वर त्यांचा पुष्पाबरोबरचा जुना फोटो. मला भरून आलं. माणसाने निवृत्त व्हावं तर असं.

२ मे, शुक्रवार

बूट नाही तर नाहीच. मशीनमागे, तांदळात, ओव्हनमध्येसुद्धा पाहिलं. शेवटी ज्ञानदाच म्हणाली, "आय थ्रू इट, आजी. फ्रॉम द बाल्कनी."

"का गं बाई?"

 वसंतराव म्हणाले, "काही बिघडत नाही, उचलून गाडीत ठेवतो, केवढीशी आहे." ही जाऊन बाल्कनीच्या गजाला चिकटली. मग मला म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, मी होमवर्क नाही केला. मला पनिशमेंट दे ना. लाँगवाली. सगळे गेल्यानंतरपण बसायची."

मला हसूच आलं. शिक्षा मागून घेणारं पोर मी दुसऱ्यांदा पाहिलं. सुरेश म्हणाले, मी सोडतो नंतर. वसंतरावांना ते आवडलं नाही. "वहिनी, तुम्ही डोक्यावर चढवून ठेवलंय तिला," म्हणाले आणि गोळ्या न वाटताच गेले.

तिला मी 'आई' हा शब्द वीस वेळा लिहायला बसवली. शेजारी बसून चिंच निवडली. तिला एक बुटुक मीठ लावून दिलं. तोंड वेडंवाकडं करत खाल्लं आणि लिहीत राहिली, अगदी सावकाश, संपू नये असं.

३ मे, शनिवार

गुरुवार.

नजमाला शिक्षा नेहमी गुरुवारी व्हायची. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. गुरुवारी संगीताचे सर यायचे.

सकाळी अकरा वाजता चिंचोके केरात टाकताना हात थांबला, तो थांबलाच.

तोच दिवस, पाच वाजता

खालच्या मजल्यावरच्या एसीच्या डब्यावर बूट पडला होता. वॉचमनने काढून दिला. तो पिशवीत घालून टॅक्सीने वक्र्याला गेले. अनुष्काला म्हटलं, बूट द्यायला आले. ज्ञानदा तिच्या खोलीत जमिनीवर बसून कात्रणं करत होती. मीही खाली बसले. गुडघे बोलले.

"आर यू अँग्री अबाउट द शू?"

"नाही. मला फक्त एक कळत नाहीये. बूट लपवला की काय होतं?"

"देन सुरेश आजोबा ड्रॉप्स मी."

"आणि नाही लपवला की?"

ती कात्रीने कागदाची कड कापत राहिली. खूप वेळ. मी मुद्दाम काही बोलले नाही. नुपूर लहान असताना तिला बोलू द्यायच्या आधी मीच वाक्य पूर्ण करायची, तसं केलं नाही.

"आय ॲम लास्ट," ती म्हणाली. "धवल गेट्स डाउन, अँड देन आय ॲम लास्ट."

मग तिने सांगितलं. काय ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. मी एवढंच म्हणाले, की तू शहाणी आहेस, बूट लपवलास ते बरोबर केलंस, आणि तू यादीत आता कुणाच्याही गाडीत शेवटी नाहीस. तिने विचारलं, "बट यू सेड लिस्ट कान्ट चेंज."

मी म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं होतं."

मग अनुष्काला आत बोलावलं.

४ मे, रविवार

'पुढे बस, बेल्ट लाव.' अठरा एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. आज ते पान चार वेळा वाचलं. फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

५ मे, सोमवार

सुरेशांना सांगितलं. ते चिडले, माझ्यावरच. "तीस वर्षं ओळखतो मी त्याला. माझ्या अंगात त्याचं रक्त आहे, सरोज. पोरं कार्टून बघतात, काहीही बोलतात."

मी म्हटलं, "ती काही बोललीच नव्हती. बूट लपवत होती."

 मग म्हणाले, "तू त्या अमेरिकेच्या साइटवर त्याचं नाव घातलं होतंस ना? काही निघालं?"

"नाही."

"मग?"

"अहो, कुणी सांगितलंच नाही तर निघेल कसं?"

ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. बाहेर धुळीने समोरची इमारतही दिसत नव्हती. तासाभराने आत आले. दाराजवळ जाऊन ड्रॉप-लिस्ट काढली, तिची चार घड्यांची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "जपून ठेव," म्हणाले. "कुणीतरी मागेल."

७ मे, बुधवार

अनुष्काने मंडळाच्या सेक्रेटरीला, भैरवीला, विश्वासाने सांगितलं, आणि भैरवी आज माझ्याकडे आली. वाईट बाई नाही ती. डोळे सुजलेले होते.

"काकू, एकवीस तारखेला ते जातायत. कायमचे. तोवर वर्ग बंद ठेवू. खलास. पोरीला पोलिसांसमोर उभं करायचं, ते अरबीत विचारणार, सगळ्या दोह्यात नाव होणार... कशासाठी? तो माणूस जातोच आहे."

"कुठे जातोय?"

"पुण्याला."

"पुण्यात पोरं नाहीत?"

 मी बावधनचं चित्र तिला दाखवलं. विनामूल्य, जूनपासून.

"मग सोसायटीवाल्यांना कुणाकडून तरी कळवू," ती म्हणाली.

"काय कळवणार? कुणीतरी म्हणतं म्हणून? ते विचारतील, केस आहे का?"

गेले दोन दिवस मी हेच वाचत होते. इथे लोकांना बघता येईल अशी यादी मला सापडली नाही. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळतो. तो वसंतरावांना मिळेलच, कुणी काही बोललेलंच नाही तर का नाही मिळणार? आपल्याकडे सरकारने अशा गुन्हेगारांची यादी केलीय, पण ती फक्त पोलिसांना उघडते. बावधनच्या आईला फोनवर बघता येणार नाही. आणि टेक्सससारखी उघडी असती तरी काय? कुठेही नाव चढतं ते कोर्टातून. कोर्टात जातं ते तक्रारीतून. अगदी पहिली ओळ कुणातरी लहान पोरीला बोलावी लागते, आणि ती बोलली की तिला गप्प करायला आपण मोठी माणसं डोळे सुजवून येतो.

हे शेवटचं मी भैरवीला बोलले नाही. बोलायला हवं होतं.

९ मे, शुक्रवार

वर्ग नाही. पाणी नाही म्हणून कळवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं कारण दिलं. वसंतरावांचा मेसेज आला, 'वहिनी, टँकर मागवू का?' उत्तर दिलं नाही. त्यांचा डबा माझ्या ओट्यावर आहे, रिकामा, घासलेला.

१० मे, शनिवार

कुणाल साइटवरून आला. तो, अनुष्का, आम्ही दोघं, त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी. कुणालला आधी वसंतरावांच्या घरी जाऊन मारायचं होतं. सुरेश म्हणाले, "मीही तेच म्हणत होतो. पण मग तुझी केस होईल, त्याची नाही."

अनुष्का एकटीच शांत. तिला भीती वाटते ती ज्ञानदाला पुन्हा पुन्हा सांगावं लागेल याची. नोकरीची, व्हिसाची पण वाटते, ते ती प्रामाणिकपणे बोलली. मी तिला दोष देत नाही. मी परक्या देशात बावीस वर्षं हळू आवाजात बोललेय.

"काकू, तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस. अकरा वर्षांची होते तेव्हा मी चिंचा खाल्ल्या."

तिला अर्थातच काही कळलं नाही. मग मी नजमाचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. सांगताना मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

आतून ज्ञानदा आली. पाणी प्यायला आल्यासारखं दाखवलं, पण पाणी घेतलं नाही. "इफ आय टेल द पोलीस," ती म्हणाली, "कॅन आय टेल इट वन्स? ओन्ली वन्स?"

अनुष्काने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आपण तसंच मागू, पिल्लू."

१३ मे, मंगळवार

काल हॉस्पिटलमध्ये. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या, अफशां नावाच्या, लखनौच्या. त्यांनीच पुढे कुणाला कळवायचं, कसं, ते सगळं हातात घेतलं. आज पोलीस. एक बाई आल्या होत्या, साध्या कपड्यांत, काळा अबाया, आवाज मऊ. अफशां शेजारी बसून हिंदीतून मुलीशी बोलल्या. आम्हाला बाहेर बसवलं. ज्ञानदा एकदाच आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात ज्यूसचं खोकं होतं. म्हणाली, "खलास." पोलीसबाई हसल्या.

मग मला बोलावलं. कधीपासून, किती वेळा, कोणत्या तारखा? मी ही वही पर्समधून काढली. अकरा एप्रिल, मशीनमागे. अठरा एप्रिल, तांदळात. पंचवीसला पोट. दोन मे, बाल्कनी. ड्रॉप-लिस्टची घडी उलगडून दिली. अफशांनी एक-एक ओळ माझ्याकडून हिंदीत समजून घेऊन अरबीत सांगितली. अठरा तारखेचं पान मीच वाचून दाखवलं, माझ्या वाक्यासकट. पोलीसबाई लिहिता लिहिता थांबल्या, माझ्यासमोर टिश्यूचा डबा सरकवला आणि पुढे लिहू लागल्या.

पानांच्या प्रती काढून घेतल्या. 'शुक्रन', धन्यवाद, म्हणाल्या. मला म्हणाल्या!

१९ मे, सोमवार

वसंतरावांना देश सोडायला बंदी झाली. परवाचं विमान गेलं तर त्यांच्याशिवाय जाणार. त्यांचा फोन आला.

"वहिनी, तुम्हीसुद्धा? पुष्पा असती तर तिला काय वाटलं असतं?"

हा एकच प्रश्न मला रोज पडतो. पुष्पाला माहीत होतं का? शेवटच्या आजारपणात ती एकदा म्हणाली होती, 'यांना मुलांचं फार आहे गं, तू लक्ष ठेव.' मी समजले, त्यांच्या एकटेपणाकडे लक्ष ठेव. आता कळत नाही तिने काय म्हटलं होतं.

मी म्हटलं, "वसंतराव, तुमचा डबा माझ्याकडे राहिलाय. पाठवून देते," आणि फोन ठेवला. मग रडले. त्यांच्यासाठीही रडले, खोटं का लिहू? तीस वर्षांची वांगी आहेत ती.

इथे शिक्षा झाली तर आपल्याकडच्या यादीत नाव चढेल का, हे मला कुणी नीट सांगू शकलं नाही. पण बावधनच्या पोलिसांना पाठवायला एक कागद तरी असेल. भैरवीने काल आपणहून विचारलं, सोसायटीचा पत्ता काय. तिने लिहून घेतला.

२२ मे, गुरुवार

नजमाचा नंबर मिळवायला चार दिवस लागले. शाळेच्या ग्रुपमधून बिलकिस, बिलकिसकडून नजमाची सून. नजमा संभाजीनगरला मुलाकडे असते.

"सरू? कोण सरू? अगं बया, चिंचावाली सरू!"

अर्धा तास आम्ही हसत होतो. सिस्टर बर्नार्डची छत्री, कॅन्टीनचा वडा, सगळं. मग मी म्हटलं, "नजमा, गुरुवारी तू मुद्दाम मराठी बोलायचीस ना?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"तुला माहीतच होतं की," ती म्हणाली. "म्हणून तर तू पण बोलायचीस. मी घरच्यांना कधी नाही सांगितलं. पण मनात म्हणायची, एकीला तरी माहीत आहे. सरूला माहीत आहे. ती बसते माझ्याजवळ."

पन्नास वर्षं तिने हे जवळ बाळगलंय. मी नुसतं हो म्हणू शकले असते.

"नव्हतं गं माहीत," मी म्हटलं. "मला वाटायचं तू वात्रट आहेस. मला तुझ्याशेजारी बसायला आवडायचं, एवढंच."

 मग ती नाक ओढून म्हणाली, "बरं. असू दे. बसली होतीस ना?"

"बसले होते."

"मग झालं तर. आता रडू नको, महागडा फोन आहे तुझा."

मी तिला ज्ञानदाचं सांगितलं, नाव न घेता. तिने विचारलं, "ती बोलली?" म्हटलं, "बोलली. एकदाच, पण सगळं." नजमा म्हणाली, "माझा सलाम सांग तिला."

२६ मे, सोमवार

नुपूरने ते दुसरं, एकच ठिपका जवळ असलेलं घर घेतलं. विचारत होती, "आई, ठीक आहे ना?" म्हटलं, "ठिपका बघून ठेव. तिथली माणसं बघून ठेव. पण कैवल्य कधी बूट लपवायला लागला, पोट दुखतं म्हणाला, शिक्षा मागायला लागला, तर आधी ठिपके बघत बसू नकोस. त्याच्या शेजारी खाली बस." ती म्हणाली, "आई, तू बदललीस." म्हटलं, "उशीर झाला."

३ जून, मंगळवार

दहा तारखेला कंपनीचा हा फ्लॅट सोडायचा. तिकिटं मात्र रद्द केली. व्हिसा ऑगस्टपर्यंत आहे आणि कोर्टाची तारीख लागेपर्यंत मला इथे राहायचंय. अनुष्काने मागची खोली रिकामी केलीय. सुरेश म्हणाले, "तू एकटी कशी राहशील, मीही येतो." काल ते रक्तदानाच्या गाडीत जाऊन आले. का, ते विचारलं नाही.

सामान बांधायला परवा माणसं येतील. सुरेश, तुम्ही घाईत वाचाल, म्हणून इथे स्पष्ट लिहिते, कुणाला काय द्यायचं.

पेटी वर्गाची आहे, कुणा एकाची नाही. भैरवीकडे. तिने वर्ग पुढे चालवायचं कबूल केलंय. तिला सांगा, ड्रॉप-लिस्ट दर शुक्रवारी बदलायची आणि शेवटी कुणालाही एकटं ठेवायचं नाही.

पुस्तकं, सतरंजी, फळा तिच्याकडेच.

तांदळाचा डबा खालच्या वॉचमनच्या खोलीत. त्याला बूट काढून दिल्याचे आभार पुन्हा माना.

वसंतरावांचा डबा त्यांच्या वकिलाकडे पोचवा. आत काही ठेवू नका.

पुष्पाची पैठणी तिने मला दिली होती. ती तिच्या बहिणीकडे नाशिकला जाऊ द्या. पत्ता माझ्या निळ्या डायरीत आहे.

चिंच सगळी नजमाला. डबा नीट सील करून, वर 'सातवी ब' लिहा, म्हणजे सून फेकणार नाही. सोबत मीठ नको, म्हणावं, तिथे मिळतं.

ही वही अनुष्काकडे. तिने जपून ठेवावी. ज्ञानदा मोठी होऊन जेव्हा मागेल तेव्हा द्यावी, त्याआधी नाही, आणि मागितली नाही तर कधीच नाही. एकही पान काढायचं नाही. अठरा एप्रिलचंसुद्धा.

बुटांचा स्टँड कुणालाही देऊ नये. तो आपल्याबरोबर वक्र्याला येतोय. ज्ञानदाने काल फोनवर विचारलं, "आजी, वेअर विल यू कीप माय शूज?" मी म्हटलं, "दाराजवळ, सगळ्यांत वर. दोन्ही."